मातीच्या थराशिवाय प्रयोगशाळा मुकी: प्रागैतिहासाच्या आजच्या संशोधनाविषयी

माणसाच्या एकूण काळाचा हिशेब मांडला, तर लिपीच्या आधीचा काळ म्हणजे जवळजवळ सगळाच काळ होतो. केनियातील लोमेक्वी येथे सापडलेली दगडी हत्यारे सुमारे ३३ लाख वर्षे जुनी आहेत, आणि लेखन सुरू होऊन जेमतेम ५,००० वर्षे झाली आहेत. एवढ्या प्रचंड काळाविषयी आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत शिकलेली गोष्ट मात्र फार आटोपशीर होती: आधी वाकलेल्या आणि मग हळूहळू ताठ होत गेलेल्या आकृत्यांची एक रांग, त्यानंतर शिकार, मग शेती, शेतीतून शिलकी धान्य, धान्यातून गाव, आणि गावातून देऊळ, राजा व नगर. गेल्या पंधरा-वीस वर्षांतले पुरातत्त्वीय संशोधन वाचत गेले की या साखळीची एकेक कडी सुटत गेलेली दिसते. कोणतीही एक नवी सरळ साखळी तिच्या जागी आलेली नाही, आणि मला वाटते की येणारही नाही.

या बदलाचे श्रेय बहुतेक वेळा नव्या तंत्रांना दिले जाते. प्राचीन डीएनए, प्रथिनांचे विश्लेषण, विमानातून सोडलेले लेसर किरण, कालमापनाच्या सुधारलेल्या पद्धती यांचे कौतुक व्हायलाच हवे. परंतु मी जे जे वाचत आलो आहे त्यावरून माझे मत असे झाले आहे की ज्या शोधांनी खरोखर काही उलथवले, त्या प्रत्येकात प्रयोगशाळेइतकेच काम उत्खननाच्या खड्ड्यात झाले होते. वस्तू कोणत्या थरातून निघाली, तिच्या वर काय होते आणि खाली काय होते, तो थर नंतर कोणी ढवळला होता का, या जुन्या आणि कंटाळवाण्या वाटणाऱ्या प्रश्नांची उत्तरे नीट नोंदलेली नसतील, तर अत्याधुनिक यंत्रातून निघालेला आकडा अधांतरी राहतो.

सैबेरियातील अल्ताई पर्वतात डेनिसोव्हा नावाची गुहा आहे. तेथे २००८ मध्ये करंगळीच्या हाडाचा एक लहानसा तुकडा मिळाला, आणि लाइपझिश येथील माक्स प्लांक संस्थेत स्वांते पेबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातील डीएनए वाचून २०१० मध्ये दाखवून दिले की ही व्यक्ती आधुनिक मानव नव्हती आणि निअँडरथल (युरोप व पश्चिम आशियात राहणारा, आता नामशेष झालेला मानवगट) हीही नव्हती. कवटी नाही, जबडा नाही, सांगाडा नाही. केवळ जनुकांच्या आधारावर एक संपूर्ण मानवगट ओळखला जाण्याची ती पहिली वेळ होती; गुहेवरून त्याला डेनिसोव्हन हे नाव मिळाले. पेबो यांना २०२२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले ते अशाच कामासाठी. मला मात्र या गुहेतील दुसरा एक तुकडा अधिक बोलका वाटतो.

डेनिसोव्हा गुहेत हाडे पुष्कळ निघतात, पण त्यांतील बहुतेक तरसांनी चावून, पचवून आणि काळाने झिजवून इतकी बारीक केलेली असतात की ती कोणत्या प्राण्याची हे पाहून सांगता येत नाही. असे तुकडे पूर्वी पिशव्यांत भरून, थराचा क्रमांक लिहून, बाजूला ठेवले जात. कोलॅजेन हे हाडातले प्रथिन हजारो वर्षे टिकते, आणि त्याची साखळी प्रत्येक प्राणिगटात किंचित वेगळी असते. हाडाचे काही मिलिग्रॅम चूर्ण घेऊन त्यातील कोलॅजेन एका विकराने (एन्झाइमने) ठरावीक जागी तोडले, आणि निघालेल्या तुकड्यांची वस्तुमाने यंत्रावर मोजली, की जो नमुना उमटतो त्यावरून हाड घोड्याचे, रेड्याचे, मॅमथचे की माणसाच्या कुळातले, हे ओळखता येते. ही पद्धत डीएनएच्या तुलनेत अतिशय स्वस्त आहे, म्हणून ती हजारो तुकड्यांवर चालवता येते. डेनिसोव्हातील दोन हजारांहून अधिक कपच्या अशा रीतीने तपासल्यावर त्यांतील एकच कपची मानवकुळातली निघाली. तिची लांबी सुमारे अडीच सेंटिमीटर होती. तिच्यातील डीएनएचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यातून जे बाहेर आले त्याची कोणी अपेक्षा केली नव्हती: सुमारे ९०,००० वर्षांपूर्वीची, मरताना किमान १३ वर्षांची असलेली ही मुलगी होती, तिची आई निअँडरथल होती आणि बाप डेनिसोव्हन. बापाच्या वंशातही कित्येक पिढ्यांपूर्वीचा एखादा निअँडरथल पूर्वज होता, आणि आईचे नाते त्याच गुहेतील जुन्या निअँडरथलांपेक्षा हजारो किलोमीटर पश्चिमेकडच्या क्रोएशियातील निअँडरथलांशी जवळचे होते.

त्या काळातील मोजक्याच व्यक्तींचे जनुकसंच आज वाचून झाले आहेत. इतक्या थोड्या नमुन्यांत थेट पहिल्या पिढीचे मिश्र अपत्य सापडावे, यावरून हे गट जेथे भेटत तेथे त्यांच्यात संबंध होणे ही विरळा घटना नसावी, असा तर्क बहुतेक अभ्यासक करतात आणि तो मला पटतो. आज आफ्रिकेबाहेरील लोकांच्या जनुकांत सुमारे दोन टक्के वाटा निअँडरथलांचा आहे. हा संकर मुख्यतः साधारण ५०,५०० ते ४३,५०० वर्षांपूर्वीच्या काळात झाला, असे २०२४ मधील अभ्यासाने दाखवले. तिबेटी लोकांना विरळ हवेत राहणे सुसह्य करणारे एक जनुकरूप डेनिसोव्हन लोकांकडून आलेले आहे. म्हणजे ज्यांना आपण नामशेष म्हणतो ते लोक पूर्णपणे गेलेले नाहीत, आणि ही गोष्ट आजही काही जणांच्या श्वासोच्छ्वासाशी निगडित आहे.

डेनिसोव्हन लोक दिसत कसे होते, हा प्रश्न पुढची अनेक वर्षे तसाच होता. तिबेटच्या पठारावर ३,२८० मीटर उंचीवरील बैशिया गुहेत एका भिक्षूला १९८० मध्ये मिळालेला अर्धा जबडा २०१९ मध्ये दातातील प्रथिनांवरून डेनिसोव्हन ठरवला गेला; त्याचे वय किमान १ लाख ६० हजार वर्षे आहे. पुढच्याच वर्षी त्याच गुहेच्या मातीतून डेनिसोव्हन डीएनए मिळाला, त्यामुळे जबड्याचा निर्णय पक्का झाला. आणि २०२५ मध्ये चीनमधील हार्बिनच्या प्रसिद्ध कवटीच्या दातांवर साचलेल्या कीटणातून डीएनए, आणि हाडातून प्रथिने काढून, ती कवटीही डेनिसोव्हन असल्याचे दाखवण्यात आले. भारदस्त भुवया, मोठा मेंदू, रुंद चेहरा अशी ती कवटी आहे. पण येथेच माझा मूळ मुद्दा पुन्हा समोर येतो. हार्बिनची कवटी उत्खननातून आलेली नाही. ती कोणाला तरी मिळाली, कित्येक दशके लपवून ठेवली गेली आणि मग अभ्यासकांच्या हाती आली. ती कोणाची हे आज कळले, परंतु तिच्याभोवती कोणती हत्यारे होती, चूल होती का, कोणत्या प्राण्यांची हाडे होती, हे सांगणारा थर कायमचा हरवला आहे.

आफ्रिकेच्या बाबतीतही अशीच उलथापालथ झाली. मोरोक्कोतील जेबेल इर्हूद येथील आपल्याच जातीच्या मानवाचे अवशेष सुमारे ३ लाख वर्षांचे असल्याचे २०१७ मध्ये सिद्ध झाल्यापासून, आधुनिक मानव पूर्व आफ्रिकेच्या एका कोपऱ्यात एकदा जन्मला आणि मग पसरला, ही मांडणी मागे पडली आहे. आता खंडभर विखुरलेल्या, कधी दुरावलेल्या आणि कधी पुन्हा एकमेकांत मिसळलेल्या अनेक समूहांतून आपण घडलो, असे चित्र अधिक मान्य होत आहे.

मातीतून डीएनए मिळतो, हे वर ओझरते आले, पण ते थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. गुहेच्या जमिनीत हाड दिसले नाही तरी तेथे राहिलेल्या प्राण्यांचा आणि माणसांचा डीएनए मातीच्या कणांना आणि सूक्ष्म अस्थिकणांना चिकटून राहतो, हे २०१७ मध्ये निश्चितपणे दाखवले गेले. लगेच शंका अशी आली की पाण्याबरोबर हा डीएनए वरच्या थरातून खालच्या थरात झिरपत असेल तर काय करायचे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी संशोधकांनी मातीचे ठोकळे जसेच्या तसे राळेत घट्ट करून ठेवलेल्या जुन्या नमुन्यांकडे मोर्चा वळवला, आणि त्यांत डीएनए सगळीकडे सारखा पसरलेला नसून हाडांच्या आणि विष्ठेच्या बारीक कणांशी जखडलेला आहे, असे त्यांना आढळले. हे ठोकळे दशकांपूर्वी मातीची सूक्ष्म रचना पाहण्यासाठी, अगदी वेगळ्या हेतूने, जपून ठेवलेले होते. जपणुकीचे असे फळ पाहिले की समाधान वाटते.

त्याच डेनिसोव्हा गुहेतील एक लटकन याच दिशेचे आणखी एक पाऊल आहे. हरणाच्या दाताला भोक पाडून केलेले हे लटकन १९,००० ते २५,००० वर्षांपूर्वीचे आहे. नमुन्याला छिद्र न पाडता, फॉस्फेटच्या द्रावणात ते बुडवून आणि तापमान टप्प्याटप्प्याने ९० अंशांपर्यंत वाढवून, त्यात मुरलेला डीएनए बाहेर काढण्यात आला. हरणाचा डीएनए मिळणे अपेक्षितच होते; त्याबरोबर एका स्त्रीचा डीएनएही मिळाला, जिने ते लटकन घडवले किंवा अंगावर घातले होते, आणि जिचे नाते उत्तर युरेशियातील प्राचीन लोकांशी जुळते. अश्मयुगातील एखादी वस्तू आणि ती वापरणारी नेमकी व्यक्ती यांची जोडी लावता येईल, असे दशकभरापूर्वी कोणी म्हटले असते तर मी विश्वास ठेवला नसता. येथेही एक अट होती: ते लटकन हातमोजे आणि मुखपट्टी घालून काढलेले होते आणि धुतलेले नव्हते. संग्रहालयांत चमकवून मांडलेल्या असंख्य दागिन्यांवर हाच प्रयोग केला, तर हाती येतो तो बहुधा उत्खनकांचा आणि अभिरक्षकांचा डीएनए.

एका व्यक्तीकडून कुटुंबाकडे, आणि कुटुंबाकडून वस्तीकडे, हा आजच्या संशोधनाचा मला सर्वांत श्रीमंत वाटणारा प्रवाह आहे. इंग्लंडमधील हेझलटन नॉर्थ या सुमारे ५,७०० वर्षांपूर्वीच्या लांबट थडग्यातील ३५ व्यक्तींपैकी २७ जण एकाच कुळाच्या पाच पिढ्यांतले निघाले. एक पुरुष आणि त्याच्यापासून मुले झालेल्या चार स्त्रिया यांच्यापासून हे कुळ सुरू होते. थडग्याला दोन दालने आहेत, आणि कोणाला कोणत्या दालनात ठेवायचे हे मूळ स्त्रीवरून ठरत असल्याचे दिसते. म्हणजे वंश पुरुषावरून मोजला जात असूनही त्या चार आयांची आठवण वास्तूच्या रचनेतच जपली गेली होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तेथे ज्यांचा बाप कुळाबाहेरचा आहे पण आई कुळात आलेली आहे, असे पुरुषही पुरलेले आहेत. सावत्र मुलांना आपले मानले जात होते, असा त्याचा सरळ अर्थ लागतो.

फ्रान्समधील गुर्जी येथील नवाश्मयुगीन (म्हणजे सुरुवातीच्या शेतकऱ्यांच्या काळातील) दफनभूमीत सात पिढ्यांतील ६४ जणांची वंशावळ जुळवली गेली. तेथे मुलगे वस्तीत राहत आणि स्त्रिया बाहेरून येत. याच्या उलट, तुर्कस्तानातील चातालह्युयुक येथे, जेथे मृतांना घराच्या जमिनीखाली पुरत, तेथील १३१ व्यक्तींच्या अभ्यासात, एका घराशी जोडलेल्या लोकांचे नाते मुख्यतः आईच्या बाजूने असल्याचे २०२५ मध्ये दिसून आले. आणि त्याच वस्तीच्या नंतरच्या काळात, एकाच घराखाली पुरलेल्या अनेकांत रक्ताचे नाते जवळजवळ उरलेलेच नाही. मग त्यांना एकत्र बांधणारे काय होते? पालनपोषण, दूध, एकत्र जेवण, सोबतीने केलेले काम? जनुकांना हे सांगता येत नाही. म्हणून, डीएनएच्या आधारे 'कुटुंब' सापडल्याचे मथळे वाचताना मला नेहमी वाटते की नाते आणि रक्त या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याची शिस्त या क्षेत्राने आणखी घट्ट धरायला हवी. हेझलटनमध्ये ती धरता आली याचे कारण, प्रत्येक हाड कोणत्या दालनात आणि कोणत्या जागी होते याची नोंद १९७९ ते १९८२ च्या उत्खननात काटेकोरपणे केलेली होती. त्या वेळी त्या हाडांतून डीएनए काढता येईल, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

रोगांचा इतिहासही याच हाडांतून वर येतो आहे. स्कँडिनेव्हियातील नवाश्मयुगीन थडग्यांतील १०८ व्यक्तींपैकी १८ जणांच्या अवशेषांत प्लेगच्या जिवाणूचा डीएनए सापडल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे ५,००० वर्षांपूर्वी उत्तर युरोपातील शेतकरी लोकसंख्या का खालावली, या जुन्या वादात प्लेगला आता गंभीर जागा मिळाली आहे, तरी जिवाणू सापडणे आणि साथ येणे यांच्यातले अंतर अजून पुरते भरून निघालेले नाही.

शेतीच्या प्रश्नावर मात्र मी अधिक रेंगाळणार आहे, कारण शाळेतल्या त्या साखळीची ही मधली कडी आहे. तुर्कस्तानातील शान्लउर्फाजवळ ग्योबेक्ली तेपे येथे जर्मन पुरातत्त्वज्ञ क्लाउस श्मिट यांनी १९९५ मध्ये उत्खनन सुरू केले, आणि इ.स.पू. ९५०० च्या सुमाराचे, साडेपाच मीटरपर्यंत उंचीचे, कोल्हे, साप आणि गिधाडे कोरलेले टी-आकाराचे दगडी खांब उजेडात आले. ते उभारणारे लोक शेती करत नव्हते. श्मिट यांनी त्यावरून साखळीच उलटी केली: आधी देवस्थान आले, तेथे जमणाऱ्या लोकांना खाऊ घालण्याच्या गरजेतून शेती आली, आणि गाव सर्वांत शेवटी. डोंगरमाथ्यावर पाणी नाही, घरे नाहीत, म्हणून ती केवळ यात्रेची जागा असावी, असा त्यांचा विचार होता. कल्पना विलक्षण होती आणि जगभर गाजली.

श्मिट २०१४ मध्ये वारले. त्यानंतरच्या कामात राहती घरे सापडली, पावसाचे पाणी साठवण्याची सोय सापडली, आणि हजारोंच्या संख्येने जात्यासारखे घासण्याचे व दळण्याचे दगड नोंदले गेले. त्या दगडांच्या झिजेचे सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण करून, प्रतिकृती बनवून, त्यांवर प्रत्यक्ष धान्य दळून पाहून असे ठरवता आले की तेथे रानटी तृणधान्ये मोठ्या प्रमाणावर भरडली जात होती. सर्वांचे लक्ष खांबांवर होते तेव्हा हे ओबडधोबड दगड फारसे कोणाच्या नजरेत भरत नव्हते. आज ग्योबेक्ली तेपे आणि शेजारच्या काराहान तेपेसारख्या स्थळांकडे भव्य इमारती असलेल्या वस्त्या म्हणून पाहिले जाते. देवस्थान आधी की गाव आधी, हा प्रश्न तेथे आता तितकासा लागू होत नाही, कारण दोन्ही एकाच जागी आणि एकाच वेळी नांदत होती.

धान्य खाणे आणि धान्य पेरणे यांच्यात किती मोठे अंतर असू शकते, हे जॉर्डनमधील शुबायका येथे कळले. तेथील चुलीतून १४,४०० वर्षांपूर्वीच्या भाकरीसारख्या पदार्थाचे जळके तुकडे निघाले. ते रानटी गव्हाच्या पिठात एका पाणगवताचे कंद मिसळून केलेले होते, आणि तो काळ त्या प्रदेशात शेती सुरू होण्याच्या सुमारे ४,००० वर्षे आधीचा आहे. म्हणजे पीठ दळणे, मळणे आणि भाजणे या कला पेरणीच्या कितीतरी आधी अंगवळणी पडल्या होत्या.

पेरणी सुरू झाल्यावरही पीक एका रात्रीत माणसाळले नाही. रानटी गव्हाचे किंवा भाताचे दाणे पिकले की आपोआप गळून पडतात. ते वनस्पतीच्या हिताचे असते. माणूस जे कणीस कापून आणतो, त्यात न गळणारे दाणे साहजिकच जास्त असतात, आणि तेच पुढच्या वर्षी पेरले गेले तर हळूहळू न गळणारी जात वाढत जाते. दाणा जेथे देठाला जोडलेला असतो त्या जागी, तो आपोआप गळला की गुळगुळीत व्रण राहतो आणि झोडपून सुटा केला की खडबडीत. पुरावनस्पतितज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली असे हजारो व्रण मोजतात. चीनमधील यांगत्से नदीच्या खालच्या खोऱ्यात तियानलुओशान येथे पाण्याने भिजलेल्या थरांत भाताचे असे अवशेष उत्तम टिकले आहेत. तेथे सुमारे ६,९०० ते ६,६०० वर्षांपूर्वीच्या ३०० वर्षांत, न गळणाऱ्या भाताचे प्रमाण २७ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर गेले. तीनशे वर्षे म्हणजे दहा-बारा पिढ्या, आणि तरीही फरक बारा टक्क्यांचा. त्या पिढ्यांतल्या कोणालाही आपण काही नवे घडवत आहोत असे जाणवले नसणार; शेजारच्या जंगलातले फळ, कवचाची फळे आणि मासे यांच्याबरोबर भात हा त्यांच्या आहाराचा एक भाग होता. 'नवाश्मयुगीन क्रांती' म्हणून जे शिकवले जाते ते हेच, आणि ते मेक्सिकोतील मक्याच्या, न्यू गिनीतील केळीच्या, पीत नदीकाठच्या बाजरीवर्गीय धान्याच्या बाबतीत स्वतंत्रपणे आणि वेगवेगळ्या गतीने घडले.

नगरांविषयीही तितकेच सविस्तर विवेचन करायला हवे, पण येथे मी थोडक्यात सांगतो. मध्य युक्रेनमध्ये तालियांकी, मैदानेत्स्के आणि नेबेलिव्का या इ.स.पू. ४१०० ते ३६०० च्या दरम्यानच्या ट्रिपिल्या संस्कृतीच्या प्रचंड वस्त्या आहेत. तालियांकीचा पसारा ३०० हेक्टरांहून अधिक आहे. जमिनीच्या चुंबकीय सर्वेक्षणाने त्यांचे जळालेल्या घरांसकट संपूर्ण आराखडे मिळाले: अंडाकृती वलयांत रचलेली घरे, मध्ये मोकळे मैदान, आणि ठरावीक अंतराने मोठ्या सामाईक इमारती. राजवाडा नाही, कोठार नाही, श्रीमंतांची थडगी नाहीत. इक्वेडोरच्या उपानो खोऱ्यात, ॲमेझॉनच्या दाट जंगलाखाली, ३०० चौरस किलोमीटर क्षेत्रात मातीचे ६,००० हून अधिक चौथरे आणि सरळ आखलेले रस्ते लेसर सर्वेक्षणातून दिसले. हा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ती वस्ती इ.स.पू. ५०० च्या सुमारास सुरू झाली होती. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ स्तेफान रोस्तें यांनी तेथे जमिनीवरचे उत्खनन १९९० च्या दशकापासून केलेले होते, म्हणूनच लेसरने दाखवलेल्या उंचवट्यांना काळ आणि अर्थ देता आला. केवळ आकाशातून पाहून लोकसंख्येचे अंदाज बांधणाऱ्या लेखांबाबत मी सावध असतो. सगळे चौथरे एकाच वेळी वापरात होते का, हे खणल्याशिवाय ठरत नाही. ट्रिपिल्या वस्त्यांत लोक वर्षभर राहत की काही ऋतूंपुरते जमत, यावरचा वादही नेमका असाच आहे.

वाद कसा घालावा याचे अलीकडचे सर्वांत चांगले उदाहरण न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्सचे आहे. तेथे एका आटलेल्या सरोवराच्या काठावर माणसांच्या पावलांचे ठसे आहेत. २०२१ मध्ये जाहीर झाले की त्यांचे वय २१,००० ते २३,००० वर्षे आहे. अमेरिकेत माणूस सुमारे १३,००० वर्षांपूर्वी, क्लोव्हिस नावाच्या विशिष्ट घडणीच्या दगडी हत्यारांबरोबर आला, हे मत चिलीतील मॉन्टे व्हर्डे या १४,५०० वर्षांपूर्वीच्या स्थळाने आधीच मोडीत काढले होते. पण हिमयुग ऐन भरात असताना, उत्तरेची वाट बर्फाने अडलेली असताना तेथे माणसे होती, हे पचणे अवघड होते. ठशांच्या थरांतील पाणवनस्पतीच्या बियांवर कार्बन कालमापन केलेले होते, आणि आक्षेप नेमका तेथेच आला: पाण्यात बुडालेली वनस्पती खडकातून विरघळलेला जुना कार्बन घेते, त्यामुळे तिचे वय आहे त्यापेक्षा जास्त भासू शकते. आक्षेप रास्त होता. मूळ संशोधकांनी तो मनाला लावून न घेता कामाला सुरुवात केली. हवेतून कार्बन घेणाऱ्या शंकुवृक्षांचे परागकण, एका नमुन्याला सुमारे ७५,००० या हिशेबाने, वेगळे काढून त्यांचे कालमापन केले. शिवाय वाळूतील क्वार्ट्झच्या कणांवर शेवटचा सूर्यप्रकाश कधी पडला हे प्रकाशदीप्तीने मोजले. २०२३ मध्ये दोन्ही उत्तरे आधीच्या वयाशी जुळली. पुढे २०२५ मध्ये सरोवराच्या गाळावर स्वतंत्रपणे केलेल्या कालमापनातूनही जवळपास तेच वय आले. ठशांजवळ हत्यारे का सापडत नाहीत, असे विचारणारे अजून आहेत, आणि त्यांनी विचारत राहणे योग्यच आहे.

त्याच परिसरातील दुसऱ्या एका, कमीत कमी १०,००० वर्षांपूर्वीच्या वाटेवर, साधारण दीड किलोमीटरपर्यंत एका तरुण किंवा ठेंगण्या व्यक्तीची, बहुधा स्त्रीची, पावले जातात आणि परत येतात. मध्ये मध्ये तिच्या पावलांशेजारी एका लहान मुलाची पावले उमटतात, कारण कडेवरून उतरवल्यावर ते काही क्षण उभे राहिलेले असते. जाताना मूल आहे, परतताना नाही. तिच्या वाटेला मॅमथ आडवा गेला आहे, आणि एक राक्षसी स्लॉथ (आता नामशेष झालेला अवाढव्य सस्तन प्राणी) त्या पावलांपाशी येऊन, मागच्या पायांवर उभा राहून, वळलेला दिसतो. घाईची चाल, निसरडा चिखल, भार घेतल्यामुळे बाहेर वळलेला पाय हे सगळे मोजमापांतून निघालेले निष्कर्ष आहेत, आणि त्यासाठी जनुकांचा एकही धागा लागलेला नाही.

या सगळ्या चित्रात एक मोठा कल आहे, त्याकडे दुर्लक्ष करणे मला अप्रामाणिक वाटते. डीएनए थंडीत टिकतो. स्पेनमधील सिमा दे लोस उएसोस येथील ४ लाख ३० हजार वर्षांपूर्वीच्या हाडांतून तो मिळाला, तो तेथील खोल गुहेच्या थंडाव्यामुळे; सहारापलीकडच्या आफ्रिकेतून २०२२ मध्ये वाचलेले सर्वांत जुने मानवी नमुने २०,००० वर्षांच्या आतबाहेरचे होते. जेथे माणूस घडला त्या खंडाविषयी जनुके सर्वांत कमी बोलतात, आणि प्रयोगशाळा व पैसा यांचीही विभागणी त्याच दिशेने झुकलेली आहे. युरोपातील एका दफनभूमीच्या सात पिढ्या आपल्याला ठाऊक आहेत आणि उष्ण कटिबंधातील हजारो वर्षे कोरी आहेत, तेव्हा जगाचा प्रागैतिहास म्हणून जे मांडले जाते ते अद्याप अर्ध्या जगाचे आहे.

नमुना कोणाचा, हा प्रश्नही आता टाळता येत नाही. अमेरिकेतील कोलंबिया नदीकाठी १९९६ मध्ये मिळालेल्या सुमारे ८,५०० वर्षांपूर्वीच्या सांगाड्यावरून शास्त्रज्ञ आणि तेथील मूळ रहिवासी जमाती यांच्यात वीस वर्षे वाद चालला. जमाती त्याला आपला पूर्वज म्हणत होत्या. २०१५ मध्ये डीएनएने त्याचे नाते मूळ अमेरिकी लोकांशी असल्याचे दाखवले, आणि २०१७ मध्ये त्याचे पुन्हा दफन झाले. पुढे २०२१ मध्ये ३१ देशांतील ६४ अभ्यासकांनी मानवी अवशेषांच्या डीएनए संशोधनासाठी नैतिक सूत्रे प्रसिद्ध केली. अवशेषांचे नुकसान कमीत कमी व्हावे आणि संबंधित समाजांना सुरुवातीपासून सामील करून घ्यावे, यांवर त्यांत भर आहे.

उष्ण प्रदेशांसाठी सध्याची आशा दातांच्या कवचावर आहे, कारण त्यातील प्रथिने डीएनएच्या कितीतरी पट काळ टिकतात. दक्षिण आफ्रिकेतील स्वार्टक्रान्स येथील पॅरान्थ्रोपस या मानवकुळातील प्राण्याच्या सुमारे २० लाख वर्षांपूर्वीच्या चार दातांतून अशी प्रथिने २०२५ मध्ये वाचली गेली आणि दोन दात नरांचे व दोन मादींचे असल्याचे कळले. आकार लहान म्हणून मादीचा समजला गेलेला एक दात नराचा निघाला. केवळ आकारावरून नर-मादी आणि जाती ठरवण्याच्या जुन्या सवयीला हा मोठा धक्का आहे. यापुढचा स्वाभाविक प्रश्न आहे तो इंडोनेशियातील फ्लोरेस बेटावरच्या साधारण एक मीटर उंचीच्या मानवाचा आणि फिलिपिन्समधील लुझॉन बेटावर सापडलेल्या मानवाचा. हे दोघे बेटावर येऊन ठेंगणे झालेल्या होमो इरेक्टस या प्राचीन मानवजातीचे वंशज, की त्याहूनही आधी आफ्रिकेतून निघालेल्या एखाद्या लहानखुऱ्या शाखेचे, हे हाडांच्या आकारावरून सुटत नाही. दातांच्या कवचातील प्रथिने ते सांगू शकतील. पण त्यासाठी दाताचा थोडा अंश खर्ची घालावा लागतो, आणि ज्या जातीचे मोजकेच दात जगात आहेत त्यांतील कोणता दात, किती मिलिग्रॅम आणि आता की पद्धत आणखी सुधारल्यावर, हे त्या त्या देशातील संग्रहांची जबाबदारी असलेल्या अभ्यासकांनी ठरवायचे आहे.